आधी पातेलं, मग बाटली

मुंबईत थंडी पडते का, हा प्रश्न कुलाब्यात राहणाऱ्याने विचारावा. बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, गोरेगावात आरेच्या बाजूला किंवा मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना डिसेंबरच्या मध्यापासून पहाटे पांघरूण लागतंच. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. एरवी जानेवारीतल्या पहाटे तो सोळा-सतराच्या आसपास राहतो आणि दुपारी पुन्हा तिशी गाठतो. म्हणजे आपली थंडी रात्रीची, आणि तीही उशिराची. घरी नाताळचं किंवा ३१ डिसेंबरचं जमवायचं असेल तर पेयांचा बेत इथूनच आखावा. आठ वाजता लोक जमतात तेव्हा घरात पंखा चालू असतो, त्या वेळी फळांची गार पेयं चांगली लागतात. साडेदहानंतर खिडकीतून गारवा येऊ लागला की गरम पातेलं बाहेर काढावं.

पण त्याआधी एक मूळ गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती पार्ट्यांत टेबलावर रमची एक बाटली, एक व्हिस्कीची, सोडा, कोला आणि वेफर्स असतात. जो घेतो तो ओतून घेतो. जो घेत नाही त्याच्या हातात कोला दिला जातो आणि रात्रभर तोच राहतो. उपनगरांत हे फार चुकीचं आहे, कारण इथे न घेणारे थोडेथोडके नसतात. घाटकोपर-मुलुंडच्या इमारतींत शेजारी गुजराती आणि जैन कुटुंबं असतात. मराठी घरांत डिसेंबरमध्ये बहुतेक वेळा मार्गशीर्ष चालू असतो. कोणी गुरुवार पाळतं, कोणी अख्खा महिना. कोणाची रक्तदाबाची गोळी चालू, कोणी गरोदर, कोणाला गाडी चालवत ठाण्याला परतायचंय. या सगळ्यांना कोला देऊन बाजूला बसवणं म्हणजे पाहुणचार नव्हे.

म्हणून माझा आग्रह असा, की चव पातेल्यात तयार करावी आणि दारू शेवटी, ज्याच्या त्याच्या ग्लासात, मापून घालावी. मसाला, फळ, आंबट-गोड हे सगळं दारूविना पूर्ण झालेलं असलं पाहिजे. मग एकच पेय सगळ्या घराला देता येतं. फायदा चवीचाही आहे. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, म्हणजे पाण्याच्या बराच आधी. दारू घालून पातेलं उकळत ठेवलं तर तिचा वास उडतो, कडवटपणा मागे राहतो आणि गॅसच्या ज्योतीजवळ तिची वाफ पेट घेऊ शकते. गॅस बंद करून, ग्लासात ओतल्यावर घातलेली रम चवीला कितीतरी गोल लागते.

खिमाड

या पद्धतीचं सर्वांत सुंदर उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. अंधेरीतलं मरोळ, कोंडिविटा, चकाला, सहार, आंबोली. बोरिवलीपलीकडचं गोराई, मनोरी: ही ईस्ट इंडियन गावठाणं. हा समाज इथला मूळचा, ख्रिस्ती आणि घरात मराठी बोलणारा. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, संघटनेसह घेतलं. त्यांचा बाटली मसाला बऱ्याच जणांना माहीत असतो. खिमाड मात्र बाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही. मसाल्यांचं गोड, गरम पाणी आणि त्यात दारू असं हे पेय लग्नघरात आणि सणाला पाजलं जातं, सोबत तळलेले गोल फुगे. घराघराची कृती वेगळी, आणि प्रत्येक घराला आपलीच खरी वाटते. खाली देतो ती घरच्या गॅसवर सहज जमणारी.

आठ-दहा छोट्या ग्लासांसाठी एक लिटर पाणी घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे साखर कोरडीच मंद आचेवर वितळू द्या, ती गडद तांबूस झाली की गॅस बंद करा आणि कडेने गरम पाणी थोडं थोडं सोडा. हे करताना तोंड लांब ठेवा, पाणी पडताच साखर जोरात उसळते. याच साखरेने खिमाडाला रंग आणि किंचित जळका, खोल स्वाद येतो. आता उरलेलं पाणी, आणखी शंभर ग्रॅम साखर, दोन बोटभर दालचिनीच्या काड्या, आठ लवंगा, आठ ठेचलेले वेलदोडे, एक चक्रीफूल आणि गवती चहाच्या चार पाती गाठ मारून घाला. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकळा. झाकून पंधरा मिनिटं मुरू द्या, गाळा, वरून जायफळ किसा. लवंगा आठांच्या बारा करू नका. लवंग जास्त झाली की बाकी सगळं दबतं आणि जीभ बधिर होते.

वाढायला चहाचे कटिंगचे ग्लास घ्या. त्यांचं माप या पेयासाठी अगदी योग्य आहे आणि काच उष्णता सोसते. सरबताच्या पातळ ग्लासात उकळतं ओतायचं झालं तर आत आधी स्टीलचा चमचा ठेवा, काच तडकण्याची भीती कमी होते. ज्याला हवी त्याच्या ग्लासात २० ते ३० मिलिलिटर काळी रम. मोहन मीकिनची ओल्ड मंक १९५४पासून आहे आणि तिच्यातला व्हॅनिलासारखा गोडवा जळलेल्या साखरेशी चांगला जुळतो. महाग रम इथे वाया जाते. नाताळच्या केकसाठी मनुके रममध्ये भिजवले असतील तर ते गाळून उरलेली रम खिमाडात घाला. याहून चांगली जोड मला माहीत नाही.

जैन पाहुणे येणार असतील तर कोणत्याही पातेल्यात ओलं आलं, ओली हळद घालू नका. सुंठ बहुतेक घरांत चालते, तरी आधी विचारा. त्यांच्यासाठी सौराष्ट्राकडचा कावो करता येईल. जामनगरला हिवाळ्याच्या रात्री तो हातगाड्यांवर मिळतो. लिटरभर पाण्यात एक चमचा सुंठ, सात-आठ ठेचलेले मिरे, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, एक चमचा भरड कॉफी, अर्धा चमचा संचळ आणि मूठभर पुदिना उकळायचा, गाळून वर लिंबू पिळायचं. साखर नाही. पहिला घोट अनोळखी लागतो, दुसऱ्यापासून घसा उघडतो. जड जेवणानंतर याच्याइतकं काही बरं वाटत नाही, आणि दारू पिणारेही शेवटी हाच मागतात.

नाशिकची लाल वाइन, गरम

युरोपात नाताळच्या बाजारांत गरम मसालेदार वाइन विकतात. आपल्याला ती करायला आयात बाटलीची गरज नाही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातली साधी शिराझ किंवा कॅबरने पुरे. राखून ठेवलेली महागडी बाटली यासाठी उघडू नका, कारण मसाल्यापुढे तिचं बारकेपण टिकत नाही.

इथेही आधी पातेलं. २०० मिलिलिटर पाणी, चार चमचे साखर, दालचिनी, पाच लवंगा, दोन वेलदोडे आणि एका संत्र्याची वरवरची साल. साल किसणीने हलकी काढायची. आतला पांढरा भाग आला की सगळं कडू. हा पाक सात-आठ मिनिटं उकळून मुरू द्या. त्यातला निम्मा बाजूला काढून संत्र्याच्या किंवा लाल द्राक्षांच्या रसात मिसळला की न घेणाऱ्यांचा ग्लास तयार. उरलेल्यात ७५० मिलिलिटरची बाटली ओता आणि अगदी मंद आचेवर वाफ दिसेपर्यंतच गरम करा. बुडबुडा आला की उशीर झाला. हा एकच प्रकार असा, की वाइन पातेल्यात जाते, म्हणून दोन पातेली ठेवावी लागतात. दुसऱ्यावर चिठ्ठी लावा, मुलं घरात असतातच.

पातेलं स्टीलचं घ्या. वाइन, लिंबू, कोकम हे सगळं आंबट, आणि आंबट पदार्थ ॲल्युमिनियममध्ये किंवा कलई गेलेल्या पितळेत शिजवू नये. आजीचं पितळेचं पातेलं टेबलावर कितीही शोभलं तरी.

दुधाचं थोडक्यात. कोजागिरीचा मसाला उरला असेल तर थंडीत खारीक आणि खसखस वाटून त्याच दुधाला जोडता येते. दोन खबरदाऱ्या घ्या. आलं थेट थंड दुधात घालून तापवू नका, त्यातला पाचक रस दूध फाडतो. आलं आधी पाण्यात खळखळून उकळा, मग दूध घाला. आणि गूळ उकळत्या दुधात पडला तर दूध फाटण्याची भीती असते, म्हणून गॅस बंद करून, दूध थोडं निवल्यावर गूळ विरघळवा. या दुधात चमचाभर रम किंवा ब्रँडी चालते. वाइन कधीही नाही.

आठ वाजताचे गार ग्लास

डिसेंबरातली फळं हीच आपली खरी श्रीमंती: पेरू, नागपूरचं संत्रं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, आवळा. बाटलीबंद सिरप आणण्याआधी स्टेशनबाहेरच्या फळवाल्याकडे जा.

पेरूचा ग्लास हा मुंबईचा म्हणावा असा. आतून गुलाबी, पूर्ण पिकलेले तीन पेरू चिरून दीड कप पाण्यात मिक्सरला फिरवा आणि गाळणीतून दाबून गाळा, बी राहू देऊ नका. त्यात एका लिंबाचा रस, दोन चमचे साखर, चिमूट मीठ. ग्लासाच्या कडेला लिंबाची फोड फिरवून ती कड तिखट-मिठात टेकवा. लाल तिखट काश्मिरी घ्या, रंग येतो आणि ओठ भाजत नाहीत. ९० मिलिलिटर पेरूरस, बर्फ, वर सोडा. घेणाऱ्याला ४५ मिलिलिटर व्होडका. व्होडकाला स्वतःची चव जवळपास नसते, म्हणूनच ती इथे बसते. पेरू पुढे राहतो.

कोकमाचा ग्लास नाताळच्या लाल रंगाचा. पंधरा आमसुलं कपभर गरम पाण्यात दोन तास भिजवून कुस्करा आणि गाळा. आमसुलांत मीठ किती आहे ते आधी चाखा. आगळ वापरणार असाल तर दुप्पट सावध, ते खारटच असतं. साखर आणि पाणी सारख्या प्रमाणात उकळून केलेला पाक घालून चव जुळवा, किंचित जिरेपूड टाका. ४५ मिलिलिटर कोकम, तितकीच जिन, सोडा आणि पुदिन्याची काडी. जिनमधला जुनिपरचा रानवट वास आणि कोकम यांचं छान जमतं. जिन वगळली तरी हे पेय कुठेही अपुरं वाटत नाही, आणि माझ्या लेखी चांगल्या कृतीची हीच परीक्षा.

तिसरं, आल्याचं. अनेक ख्रिस्ती घरांत नाताळला आल्याची ‘वाइन’ असते आणि ती न आंबवता, पाक आणि आंबटाच्या जोरावर करतात. पाव किलो आलं किसून अर्ध्या लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, गाळा आणि तासभर हलवू नका. तळाशी पांढरा साका बसतो, तो सोडून वरचं पाणी घ्या. त्यात ४०० ग्रॅम साखर विरघळवून पुन्हा एक उकळी आणा, थंड झाल्यावर चार-पाच लिंबांचा रस घाला. उकळत्या पाण्यात धुऊन वाळवलेल्या बाटलीत हे फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतं. दोन चमचे अर्क आणि सोडा, किंवा दोन चमचे अर्क आणि गरम पाणी. सर्दी झालेल्या माणसाला नुसतंच द्या.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, अर्धी बर्फाने भरा, दहा-बारा सेकंद जोरात हलवा आणि गाळा. सोडा मात्र बरणीत कधीच घालू नये, झाकण उडतं. बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचा, आदल्या दिवशी वाटीत लावलेला. मोठा खडा हळू वितळतो आणि पेय पाणचट होत नाही. ऐनवेळी मासळीबाजारातून बर्फाची लादी आणण्याचा मोह टाळा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम राज्यात २०१८पासून आहे; निळा दिसला तर तो पोटात जाण्यासाठी नाहीच, आणि पांढऱ्या लादीचंही पाणी कुठलं हे आपल्याला कळत नाही.

माप, कायदा आणि बाटली

पेग अंदाजाने ओतू नका. औषधाच्या बाटलीसोबत येणारं मापाचं झाकणही चालेल. ३० मिलिलिटर रम किंवा व्होडका आणि १०० मिलिलिटर वाइन यांत मद्यार्क साधारण सारखाच असतो, दहा ग्रॅमच्या आसपास. गरम आणि गोड पेयात तो जाणवत नाही, म्हणून खिमाडाचे चार ग्लास कधी झाले हे पिणाऱ्याला समजत नाही. यजमानाने मोजावं. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. दारूने अंग गरम होत नाही. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. आतली उष्णता उलट बाहेर निघून जाते. गच्चीवर बसणार असाल तर शाल लागेलच. झोपेच्या, फिटच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला आग्रह करू नये, आणि मेट्रोनिडॅझोल चालू असलेल्याने दारूला हातही लावू नये.

महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण, बाकी दारूसाठी २५. पिण्याचा परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, आणि दुकानातही एक दिवसाचा देतात. तो घ्या. गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली सामानात घालून इकडे आणणं गुन्हा आहे, म्हणून वरच्या कृतींत मी मुद्दाम फेणी घातली नाही. घरी द्राक्षं-मनुके आंबवून वाइन मुरवण्याची चाल कितीही जुनी असली तरी परवान्याशिवाय मद्य तयार करायला कायद्याची मुभा नाही.

आणि बाटली सीलबंदच. डिसेंबर २००४मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसं गेली. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. दोन्ही आपल्याच उपनगरांत. विषारी दारूतलं मिथेनॉल साध्या दारूसारखंच दिसतं, वासानेही वेगळं ओळखता येत नाही, आणि ते आधी डोळे घेतं. ‘ओळखीच्या माणसाकडची चांगली गावठी’ हे शब्द ऐकले की नकार द्या, मग ती खिमाडात पारंपरिक आहे असं कोणी कितीही म्हणो.

जेवण आधी वाढा. रात्री साडेअकराला वाढलेलं जेवण कोणी जेवत नाही आणि रिकाम्या पोटी प्यायलेली दारू लवकर चढते. शेंगदाणे, फुगे, कोथिंबीरवडी, उकडलेली अंडी असं काहीतरी पहिल्या ग्लासासोबतच असू द्या. बारा वाजून गेले की बाटली कपाटात ठेवा आणि फक्त पातेलं बाहेर राहू द्या: खिमाडाचं पाणी, कावो, पातीचा चहा.

परतीचा विचारही यजमानाचाच. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क म्हणजे गुन्हा, पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ३१ डिसेंबरच्या रात्री पश्चिम आणि मध्य रेल्वे जादा लोकल सोडतात. त्यांच्या वेळा आधी जाहीर होतात. त्या लिहून दारामागे लावा. अंधेरीहून घाटकोपरला जाणाऱ्याने त्या रात्रीची शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते आधीच पाहून ठेवावं. ज्याने दोन ग्लास घेतले आहेत त्याची किल्ली मागून घ्या, आणि त्याला राग आला तरी सकाळपर्यंत देऊ नका.